बाळासाठी मेक्सिकन नाव : उच्चार, अर्थ आणि जन्मनोंदणी

बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर मार्गालगत असलेल्या बोम्मसंद्रा येथे जन्मणाऱ्या मुलाचे नाव जन्मदाखल्यावर कन्नड आणि इंग्रजी अशा दोन भाषांत लिहिले जाते. कुटुंब मराठी असेल, तर घरी त्याच नावाला तिसरे वळण मिळते. अशा मुलासाठी हिमेना, मातेओ, सित्लाली किंवा दिएगो असे मेक्सिकन नाव निवडले, तर त्यात चौथ्या भाषेची भर पडते. नाव कानाला गोड लागणे ही त्यामुळे निवडीची केवळ पहिली पायरी ठरते. ते कोणत्या अक्षरांनी लिहिले जाईल, परक्या कानांना त्यातून काय ऐकू येईल आणि कागदावर उमटल्यानंतर ते बदलता येईल काय, हे प्रश्न पुढे येतात. २०२३ पासून जन्मदाखल्याला आलेले महत्त्व पाहता त्यांची उत्तरे नोंदणीपूर्वीच शोधणे हिताचे आहे.

बोम्मसंद्रा हे आनेकल तालुक्यातील औद्योगिक गाव आहे. बायोकॉन या औषधनिर्मिती कंपनीचे संकुल आणि २००० मध्ये सुरू झालेले नारायण हृदयालय यांमुळे त्याचे नाव राज्याबाहेर पोहोचले. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि बोम्मसंद्रा हे तिचे शेवटचे स्थानक ठरले. देशाच्या नाना प्रांतांतून आलेले अभियंते, तंत्रज्ञ आणि रुग्णालयांतील कर्मचारी या परिसरात राहतात. मेक्सिकोशी संबंध येतो तो नोकरीच्या वाटेने. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीत मुख्यालय असलेल्या इन्फोसिसने २००७ मध्ये मेक्सिकोतील मॉन्तेरेय शहरात केंद्र उघडले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे काम ग्वादालाहारा येथूनही चालते. कामानिमित्त दोन-तीन वर्षे तेथे काढलेल्या दाम्पत्याला एखादे नाव तेथेच आवडून जावे, यात नवल नाही. चित्रपट, फुटबॉल आणि चित्रकार फ्रिडा काहलो यांच्यामुळे ही नावे न गेलेल्यांच्याही ओळखीची झाली आहेत.

भाषेची सीमा ओलांडताना नाव झिजते, याची साक्ष या भूमीवरच मिळते. बंगळुरूभोवतीच्या अनेक गावनावांच्या शेवटी येणारे ‘संद्रा’ हे ‘समुद्र’ या शब्दाचे, म्हणजे मोठ्या तळ्याचे, बोलीतील रूप मानले जाते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळुरू जिंकल्यानंतर तेथील जहागिरी शहाजीराजांकडे आली. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले आणि तेथे एकोजी या नावाने ओळखले गेले. राजाच्या नावाची ही गत, तर सामान्य घरातील मुलाच्या नावाचे काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

मेक्सिकन नाव म्हणजे कोणते?

जी नावे भारतात मेक्सिकन म्हणून ओळखली जातात, त्यांतील सर्वच मेक्सिकोच्या मातीतील नाहीत. फ्रिडा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हे नाव जर्मन असून ‘शांती’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. चित्रकार काहलो यांचे वडील जर्मनीतून मेक्सिकोत स्थायिक झाले होते. त्यांचे मूळ नाव विल्हेल्म. मेक्सिकोत त्याचे गियेर्मो झाले. म्हणजे वडिलांनी आपले नाव स्पॅनिश करून घेतले आणि १९०७ मध्ये जन्मलेल्या मुलीला जर्मन नाव दिले. आज तेच नाव मेक्सिकोची खूण बनले आहे.

मेक्सिकोतील बहुसंख्य नावे स्पॅनिश आहेत आणि ती सोळाव्या शतकात आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांबरोबर रुजली. अलीकडच्या वर्षांत मुलांमध्ये सांतियागो, मातेओ आणि सेबास्तियान, तर मुलींमध्ये सोफिया, वालेन्तिना आणि रेहिना ही नावे विशेष पसंतीची आहेत. मात्र हीच नावे स्पेनमध्ये, कोलंबियात आणि अर्जेंटिनातही आढळतात. खास मेक्सिकोचे म्हणता येईल असे नाव हवे असल्यास तेथील मूळ रहिवाशांच्या भाषांकडे वळावे लागते. नाहुआत्ल भाषेत सित्लाली म्हणजे तारा, सोचित्ल म्हणजे फूल आणि तोनातिऊ म्हणजे सूर्य. क्वाउतेमोक म्हणजे खाली झेपावणारा गरुड. स्पॅनिशांशी लढलेल्या अखेरच्या अॅझटेक सम्राटाचे ते नाव होय. झापोतेक भाषेतील नायेली या नावाचा अर्थ ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असा सांगितला जातो. मराठी कानाला ते सायलीच्या जवळचे वाटते. ही नावे मेक्सिकोत आजही जिवंत आहेत. २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवार सोचित्ल गाल्वेस यांचे नाव त्यांपैकीच एक आहे.

मेक्सिकोत पूर्वी नाव निवडण्याची एक सोपी रीत होती. मूल ज्या दिवशी जन्मले, त्या दिवसाच्या संताचे नाव त्याला दिले जाई. त्यासाठी घरोघरी दिनदर्शिका पाहिली जाई; ‘गाल्वान’ ही तेथील जुनी दिनदर्शिका १८२६ पासून निघते. मराठी घरात पंचांगातील अवकहडा चक्र पाहून जन्माक्षर काढण्याच्या प्रथेशी हे जुळणारे आहे. जन्माक्षर पाहणाऱ्या पालकांसमोर मात्र येथे एक गमतीचा पेच उभा राहतो. पुनर्वसु नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे अक्षर ‘ही’ आहे. हिमेना हे नाव त्याला उच्चाराने तंतोतंत जुळते. पण रोमन लिपीत ते ‘एक्स’ या अक्षराने सुरू होते. ज्योतिषशास्त्र उच्चार पाहते, वर्णमाला नव्हे, असे उत्तर देऊन तो सोडवता येतो.

मेरीमातेच्या विविध रूपांवरून पडलेली नावे हा मेक्सिकन नावांचा सर्वांत समृद्ध आणि परक्याला सर्वांत चकित करणारा भाग आहे. ग्वादालुपे हे त्यांतील प्रमुख. १२ डिसेंबर हा ग्वादालुपे मातेचा सण असून हे नाव स्त्री आणि पुरुष दोघांनाही दिले जाते. दोलोरेस म्हणजे दुःखे, सोलेदाद म्हणजे एकाकीपणा, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, सोकोर्रो म्हणजे साहाय्य. ‘कोको’ हा २०१७ मधील चित्रपट पाहिलेल्यांना त्यातील पणजीचे नाव आठवेल. तेथे कोको हे सोकोर्रोचेच लाडके रूप आहे. मुलीला ‘दुःखे’ असे नाव का द्यावे, असे मराठी वाचकाला वाटणे साहजिक आहे. तेथे मात्र ते दुःख मातेचे असते आणि मुलगी तिच्या आश्रयाला दिलेली असते.

मराठीतही दुःखातून आलेली नावे आहेत. मूल जगावे म्हणून त्याला धोंडू, दगडू अथवा केरबा म्हणण्याची रीत होती. त्यामागे मायाच होती. ‘नकोशी’ हे नाव मात्र वेगळ्या जातीचे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये झालेल्या एका कार्यक्रमात या नावाच्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. शाळेच्या पटावर रोज पुकारले जाणारे नाव मुलाच्या मनावर काय ओझे टाकते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. परभाषेतील नाव निवडताना त्याचा अर्थ पाहावा तो याच कारणासाठी.

थोर व्यक्तीचे नाव ठेवण्याची इच्छाही कधी अनपेक्षित वळण घेते. मेक्सिकोचे झापोतेक वंशीय राष्ट्राध्यक्ष बेनितो ह्वारेस यांच्याबद्दलच्या आदरापोटी इटलीतील एका समाजवादी लोहाराने १८८३ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव बेनितो ठेवले. तो मुलगा म्हणजे बेनितो मुसोलिनी. उलट दिशेनेही नावे गेली आहेत. इंदिरा हे नाव मेक्सिकोत आढळते. २०२१ मध्ये कोलिमा राज्याच्या राज्यपालपदी निवडून आलेल्या नेत्या इंदिरा विस्काइनो यांचे उदाहरण देता येईल.

वसई आणि गोव्याची ओळख

मराठी समाजाला अशी नावे अगदीच नवखी नाहीत. वसईच्या मराठी भाषक ख्रिस्ती घरांत लोपीस, परेरा, डिमेलो ही आडनावे शतकानुशतके नांदत आहेत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे वधस्तंभावर मृत्यू आला. त्यांच्याबरोबर मारल्या गेलेल्या २६ जणांत मेक्सिको सिटीत जन्मलेले फेलिपे दे हेसुस हेही होते. १८६२ मध्ये दोघांनाही एकाच वेळी संतपद देण्यात आले. आज वसईतील महाविद्यालयाला गोन्सालो गार्सिया यांचे नाव आहे आणि मेक्सिको सिटी फेलिपे यांना आपले संरक्षक संत मानते. वसईच्या घरात फेलिपे हे नाव ठेवले गेले, तर त्याला स्वतःचा असा पूर्वेतिहास आहे.

गोव्याचे उदाहरण उच्चाराच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिलेले नाव गोव्यात पोर्तुगीज वळणाने ‘जुझे’ होते, तर मेक्सिकोत ‘होसे’. ज्यांना गोवेकर आपला सायब मानतात, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचा मेक्सिकन उच्चार ‘हाविएर’ असा आहे. तिसवाडी तालुक्यात ग्वादालुपे मातेचे चर्चही आहे. तेव्हा गोव्यातील नातेवाईक बोम्मसंद्रा येथील बाळाला ‘जुझे’ म्हणून हाक मारतील, ही शक्यता होसे नाव ठेवणाऱ्यांनी धरून चालावे.

अक्षरे आणि उच्चार

मेक्सिकन नावे मराठीत बहुधा इंग्रजीच्या मार्गाने येतात आणि वाटेत त्यांचे नुकसान होते. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ हे मराठीसारखेच दंत्य आहेत. सांतियागोचे ‘सॅन्टियागो’ आणि दिएगोचे ‘डिएगो’ होते ते केवळ इंग्रजी वाचनामुळे. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत मूळ उच्चार लिहिण्याची उत्तम सोय आहे. इंग्रजी अक्षरांवरून कन्नडमध्ये लिप्यंतर करू देण्याऐवजी पालकांनी अपेक्षित उच्चार कन्नड अक्षरांत लिहून दिल्यास अर्धी अडचण तेथेच संपते. अर्थात, त्यासाठी कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याची मदत घ्यावी लागेल. बंगळुरूत राहून तेवढी ओळख झाली नसेल, तर ती करून घेण्याचे हे चांगले निमित्त आहे.

रोमन लिपीतील काही अक्षरे मात्र फसवी आहेत. ‘जे’ या अक्षराचा मेक्सिकन उच्चार ‘ह’च्या जवळचा असतो, त्यामुळे होर्हे हे नाव बंगळुरूच्या शाळेत ‘जॉर्ज’ किंवा ‘जॉर्गे’ असे पुकारले जाण्याचा संभव मोठा. ‘एच’ लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. दोन ‘एल’ एकत्र आले की साधारणतः ‘य’ होतो. ‘झेड’चा ‘स’ होतो. सर्वांत अवघड ‘एक्स’: हिमेना या नावात तो ‘ह’ आहे, सोचित्लमध्ये ‘स’ आहे आणि खुद्द देशाच्या नावातही तो ‘ह’च आहे, कारण तेथील लोक आपल्या देशाला ‘मेहिको’ म्हणतात. हिमेना हे नाव ‘एच’ने लिहिले, तर भारतात ते बरोबर वाचले जाईल, पण मेक्सिकोत त्याचा आरंभीचा ‘ह’ गळून ‘इमेना’ होईल. ‘एक्स’ने लिहिले, तर तेथे बरोबर आणि येथे ‘झिमेना’. दोन्ही साधणारा मार्ग नाही. मुलीचे आयुष्य मुख्यतः कोठे जाणार याचा अंदाज घेऊन एक बाजू पत्करावी लागते.

अक्षरांवरील खुणांचा प्रश्नही किरकोळ नाही. स्पॅनिशमध्ये ‘एन’ या अक्षरावर लहरीसारखी खूण दिली की त्याचा उच्चार ‘न्य’ होतो. २०१२ ते २०१८ या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष असलेले एन्रिके पेन्या निएतो यांच्या आडनावातील ‘पेन्या’ म्हणजे खडक. ती खूण गाळली की राहते ‘पेना’, आणि त्याचा अर्थ दुःख असा आहे. पारपत्राच्या यंत्रवाचनीय ओळीत केवळ साधी रोमन अक्षरे चालतात. त्यामुळे ज्या नावाचा अर्थ किंवा उच्चार अशा खुणेवर अवलंबून आहे, ते भारतीय कागदपत्रांसाठी गैरसोयीचेच.

मराठी भाषकांना एका बाबतीत मात्र अनपेक्षित लाभ आहे. माया लोकांच्या प्रदेशातून आलेल्या इत्सेल या नावातील ‘त्स’ हा ध्वनी म्हणजे जवळजवळ मराठी ‘चमचा’ या शब्दातील ‘च’. नागपूर-कोल्हापूरच्या आजीला जे सहज जमेल, ते इतर भाषकांना शिकावे लागेल.

ऐकू येणारे दुसरे अर्थ

नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेले की त्याला नको ते अर्थ चिकटतात. पुरेपेचा भाषेतील एरान्दी हे मेक्सिकोतील मुलींचे सुंदर नाव आहे. त्याचा अर्थ पहाट. मराठी घरात मात्र ते ऐकताच एरंडाची आणि पाठोपाठ एरंडेल तेलाची आठवण होणार. लाडक्या नावांबाबत तर अधिकच सावध राहावे. सोलेदाद या नावाचे घरगुती रूप ‘चोले’ आहे, गियेर्मोचे ‘मेमो’ आणि इग्नासियोचे ‘नाचो’. यांतील शेवटचे नाव मराठी खवय्यांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या सीमेवरील पिएद्रास नेग्रास या गावात १९४० च्या दशकात इग्नासियो अनाया यांनी मक्याच्या तुकड्यांवर चीज आणि मिरची घालून जो पदार्थ केला, त्याला त्यांचेच लाडके नाव पडले. वर्गात त्या नावाच्या मुलाला काय काय ऐकावे लागेल, हे सांगण्याची गरज नाही.

उलट बाजूने पाहिले, तर रूढ मराठी नावेही मेक्सिकोत सुखरूप राहतातच असे नाही. स्पॅनिशमध्ये लता म्हणजे पत्र्याचा डबा, माला म्हणजे वाईट, तारा म्हणजे दोष, सीमा म्हणजे खोल दरी. अलीकडे अनेक मराठी घरांत आवडीने ठेवल्या जाणाऱ्या इरा या नावाचा तेथील अर्थ क्रोध असा आहे. मीरा म्हणजे ‘बघ’. सर्वांत भाग्यवान अमर हे नाव: स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ प्रेम करणे असा होतो. मेक्सिकोत बदली होण्याची शक्यता असलेल्या पालकांनी मराठी नाव निवडतानाही ही उलटतपासणी करून पाहावी.

मेक्सिकोहून आलेले एक नाव तर मराठी घरांत फार पूर्वीच स्थिरावले आहे, तेही कोणाच्या लक्षात न येता. चिकू हे फळ मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील, आणि त्याचे नाव नाहुआत्ल शब्दावरून स्पॅनिशमार्गे आलेले. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गुबगुबीत बाळांना चिकू म्हटले जात आहे. क्रिकेटपटू विराट कोहली यांचेही हे टोपणनाव प्रसिद्ध आहे.

खानखोजे यांच्या मुली

मेक्सिकोत राहून मुलांची नावे ठेवण्याची वेळ आलेल्या मराठी माणसांत डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. १८८४ मध्ये वर्धा येथे जन्मलेले खानखोजे गदर चळवळीच्या आरंभीच्या क्रांतिकारकांपैकी एक. ब्रिटिश सत्तेमुळे त्यांना मायदेशी परतता येत नव्हते. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी केलेल्या कामाची तेथे मोठी वाखाणणी झाली. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषी शाळाही चालवल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

खानखोजे यांनी १९३६ मध्ये बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. घरातील भाषा मराठी नव्हती, देश परका होता आणि स्वदेशी परतण्याची शाश्वती नव्हती. अशा स्थितीत त्यांच्या दोन मुलींची नावे होती सावित्री आणि माया. यांतील माया हे नाव दोन्ही देशांचे म्हणता येईल असे आहे: भारतात ते ममतेचे आणि वेदान्ताचे, तर मेक्सिकोत युकातान भागातील एका थोर संस्कृतीचे. सावित्री हे नाव मात्र पूर्णपणे इकडचे. खानखोजे १९५५ मध्ये भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या सावित्री सॉहनी यांनी पुढे वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मेक्सिकोत मिळालेले मराठी नाव त्यांना भारतात समजावून सांगावे लागले नाही. बोम्मसंद्रा येथील मेक्सिकन नावाच्या मुलाला ती सवलत नाही. त्याला आपले नाव आयुष्यभर समजावून सांगावे लागेल, आणि हे ओझे आनंदाचे होणे बरेचसे पालकांनी त्यामागची हकिकत त्याला सांगितली की नाही यावर अवलंबून राहील.

आडनावाचा प्रश्न

मेक्सिकोत नावानंतर दोन आडनावे येतात: आधी वडिलांकडील, नंतर आईकडील. मराठी वाचक ज्यांना सरसकट ‘मार्केझ’ म्हणतात, ते मेक्सिकोत दीर्घकाळ राहिलेले कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे वडिलांकडील आडनाव गार्सिया होते. मार्केस हे आईकडील. वडिलांच्या आडनावाला सक्तीने अग्रक्रम देणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. महाराष्ट्रातही आईच्या नावाला कागदावर जागा मिळाली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. कर्नाटकात हा नियम लागू नाही. तेथे गावाच्या व वडिलांच्या नावाची आद्याक्षरे लावण्याची जुनी रीत आहे. मराठी कुटुंबांनी पूर्ण नावच लिहिण्याचा आग्रह धरावा, अन्यथा पारपत्राच्या वेळी आद्याक्षरांचा विस्तार करत बसावे लागते.

मेक्सिकोतच जन्म झाल्यास तेथील १८ चिन्हांचा लोकसंख्या नोंदणी क्रमांक नाव-आडनावाच्या अक्षरांवरून तयार होतो. दुसरे आडनाव नसेल, तर त्याच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर घातले जाते. सुरुवातीच्या चार अक्षरांतून अभद्र शब्द तयार होत असल्यास त्यातील एक अक्षर बदलण्याचीही तरतूद आहे. तेथील सोनोरा राज्याने २०१४ मध्ये ६१ नावांवर बंदी घातली. त्यांत फेसबुक, रॅम्बो आणि रोबोकॉप यांचा समावेश होता.

नोंदणी आणि मुदती

भारतातील जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये अशी निषिद्ध नावांची यादी नाही. नाव कोणत्या भाषेतील असावे, याचेही बंधन त्यात नाही. जन्माची नोंद पालक राहतात तेथे नव्हे, तर जन्म झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते. बोम्मसंद्रा हे बंगळुरू महापालिकेच्या जुन्या हद्दीबाहेरचे, स्वतःची नागरी संस्था असलेले गाव असल्याने शहरात राहणाऱ्या, पण बोम्मसंद्रा येथील रुग्णालयात प्रसूती झालेल्या कुटुंबांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. रुग्णालयात जन्म झाल्यास माहिती कळवण्याची जबाबदारी तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची असते. त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे.

येथेच अनेक पालकांची घाई होते. घरी जाण्याच्या गडबडीत, समोर आलेल्या अर्जावर सुचेल त्या वर्णलेखनात नाव लिहून दिले जाते. कायद्याला ही घाई अपेक्षित नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून जन्माची नोंद करता येते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत नाव कळवल्यास ते विनाशुल्क नोंदवले जाते. पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. बाराव्या दिवशी बारसे करून आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगितले, की ते काही आठवडे घरात, पाळणाघरात आणि लसीकरण केंद्रात वापरून पाहावे. परिचारिका ते कसे वाचते, शेजारी कसे पुकारतात आणि आजी-आजोबांच्या जिभेवर ते बसते की नाही, हे पाहण्यास एवढा अवधी पुरेसा असतो.

एकदा नाव नोंदवले गेले, की प्रकरण अवघड होते. अधिनियमाच्या कलम १५ अन्वये नोंदीतील चूक दुरुस्त करता येते. मन बदलले म्हणून नाव बदलून मिळेल असे गृहीत धरू नये. आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा दाखला पूर्वीपेक्षा फार मोठा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, शासकीय नोकरी, आधार आणि पारपत्र यांकरिता जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. ‘एक्स’ की ‘एच’ हा निर्णय त्यामुळे या सर्व कागदांवर एकदमच होतो.

मेक्सिकोत जन्मलेल्या मुलाला तेथील राज्यघटनेनुसार जन्माने नागरिकत्व मिळते आणि पहिला जन्मदाखला विनामूल्य दिला जातो. त्याला भारतीय नागरिक म्हणून नोंदवायचे असल्यास पालकांनी एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात अर्ज करावा लागतो आणि मुलाकडे अन्य देशाचे पारपत्र नसल्याचे घोषित करावे लागते. दोन्ही देशांच्या कागदांवर नावाचे वर्णलेखन अक्षरशः एकच राहील, याची खातरजमा अर्ज सादर करण्यापूर्वीच करावी.